रपट्यावर पाणी आलंय, हे फोनला कोण सांगणार?

मेंढा नावाचं एक गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात आहे. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून 2009 पासून त्याचं नाव झालं. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. दुसरं मेंढा आपल्या सिंदेवाही तालुक्यात आहे, मेंढा-माल. दोन्हींच्या मध्ये वैनगंगा आडवी वाहते. बाहेरून आलेल्या माणसाने फोनच्या नकाशात नुसतं ‘मेंढा’ टाकलं, तर जे गाव जास्त प्रसिद्ध तेच वर येण्याचा संभव अधिक. त्यात फोनला बोल लावून उपयोग नाही. ही दोन गावं वेगळी आहेत, कोणतं कुठे आहे, तिथे जीप जाते की फक्त दुचाकी, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते कसं सांगायचं, त्यासाठी हा लेख आहे. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, एसटीचे वाहक, कॉलेजात जाणारी मुलं, ज्यांच्या हातात साधा स्मार्टफोन आहे त्या सगळ्यांसाठी.

मोठ्या शहरांनी या कामावर अमाप पैसा ओतला आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी ‘मुंबई वन’ हे ॲप सुरू झालं. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे-नवी मुंबईच्या बसगाड्या अशा 11 सेवा एका ठिकाणी आल्या. प्रवाशाला दिसतं ते तिकीट. खरी मेहनत त्याच्या मागे असते. मध्य रेल्वेचं दादर आणि पश्चिम रेल्वेचं दादर एकच समजायचं की दोन? त्याखालचा बेस्टचा थांबा तिसरा की त्याच दादरचा भाग? माणसाला हा प्रश्न पडत नाही, संगणकाला पडतो. म्हणून आधी सगळ्यांनी बसून ठरवावं लागतं की ‘थांबा’ कशाला म्हणायचं, ‘मार्ग’ कशाला आणि ‘फेरी’ कशाला. मग ते सगळं एकाच साच्यात लिहायचं. सार्वजनिक वाहतुकीसाठीचा जगभर चालणारा साचा म्हणजे ‘जीटीएफएस’. 2005च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून तो बनवला. आपल्याकडे कोची मेट्रोने आणि मग दिल्लीने 2018 साली आपली माहिती त्यात घालून सर्वांसाठी खुली केली. जड वाटलं तरी आत आहेत फक्त स्वल्पविराम घातलेल्या मजकुराच्या काही फाइली. बी.कॉम.चा विद्यार्थीही त्या एक्सेलमध्ये तयार करू शकतो.

सिंदेवाहीत मेट्रो नाही. एक रेल्वेमार्ग, एसटी, काळीपिवळी, ऑटो, दुचाकी, सायकल आणि पाय, एवढाच कारभार. पण रस्त्याबद्दलचं ज्ञान मात्र इथे शहरापेक्षा अवघड आहे, कारण ते ऋतूप्रमाणे बदलतं. कोणत्या रपट्यावर पाऊस थांबल्यावर दोन तासांत पाणी ओसरतं आणि कोणत्यावर दोन दिवस राहतं. धान कापल्यावर कोणत्या बांधीतून बैलगाडी जाऊ लागते. कोणत्या मुरमाच्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये चाक रुततं, हे सगळं माहीत असणारे लोक गावोगावी आहेत. ते ज्ञान वाहकाच्या, पोलीस पाटलाच्या, दूधवाल्याच्या डोक्यात आहे आणि तिथेच राहतं. वाहकाची बदली झाली की तेवढं ज्ञान तालुक्याबाहेर गेलं.

आधी ओळख, मग नाव

सामायिक नकाशाची पहिली अट: गावाचं नाव ही गावाची ओळख धरायची नाही. आपल्या भागात एकाच नावाला माल, चक, तुकूम, बुजरूक, खुर्द असं शेपूट लावून दोन-तीन गावं झालेली आहेत. शिवाय रिठ आहेत. महसुली दप्तरात गाव आहे, गटनंबर आहेत, पण राहायला कोणी नाही. नकाशा बनवणाऱ्याने दप्तरातून यादी उचलली की रिठही जिवंत गाव म्हणून फोनवर येतं आणि कुरिअरवाला झुडपात जाऊन उभा राहतो.

यावर उपाय सरकारनेच करून ठेवला आहे, आपण तो वापरत नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’मध्ये प्रत्येक महसुली गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र क्रमांक आहे. 2011च्या जनगणनेतही प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे. नाव कसंही लिहा, क्रमांक एकच राहतो. गावाची कोणतीही यादी करताना पहिल्या रकान्यात हा क्रमांक आणि मग नाव, ही सवय लावून घ्या. नंतर कृषी विभागाची यादी, आरोग्य विभागाची यादी आणि नकाशा एकमेकांना जोडायचे झाले तर या एका रकान्याने महिन्याचं काम तासात होतं.

ही पद्धत सिंदेवाहीला नवीन नाही. इथल्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात तयार झालेल्या धानाच्या वाणांना ‘एसवायई’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा लावतात. शेतकरी बांधावर त्या धानाला काय म्हणतो ते काहीही असो, दुसऱ्या राज्यातल्या संशोधकाला कोणता वाण ते नेमकं कळतं. गावांचंही तसंच करायचं आहे.

नावाचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. आपण नागभीड म्हणतो, रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर शेवटी ‘आर’ आहे. चंद्रपूरचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, तिथलं एक स्थानक अजून चांदा फोर्टच आहे. सिंदेवाही रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितं, कोणी ‘डब्ल्यू’ने. अशा वेळी कोणतं बरोबर यावर भांडू नका. चांगल्या नकाशात एका जागेला बरीच नावं देता येतात: पाटीवरचं, मराठी, इंग्रजी, जुनं आणि लोकांच्या तोंडचं. गोंडी नावाचाही वेगळा रकाना आहे. टोल्यावरची म्हातारी माणसं जे नाव घेतात ते गोंडी असेल तर ते त्यांच्याच उच्चाराने देवनागरीत लिहा. अधिकृत नाव त्याने पुसलं जात नाही आणि शोधणाऱ्याला दोन्हींनी गाव सापडतं.

नोंद कुठे करायची

माझी शिफारस ‘ओपनस्ट्रीटमॅप’ची आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनी लोकांसाठी बनवलेला आहे. विकिपीडियासारखा कोणीही त्यात भर घालू शकतो, कोणीही तो फुकट वापरू शकतो. गूगलच्या नकाशातही दुरुस्ती सुचवता येते, जरूर सुचवा. पण तिथे दिलेली माहिती त्या कंपनीच्या पेटीत जाते. उद्या नगरपंचायतीला किंवा तुमच्या शाळेला तीच माहिती वापरून स्वतःचा नकाशा छापायचा असेल तर ती परत मिळणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपमधली मिळते. शिवाय मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्यांनी डिसेंबर 2022 मध्ये स्थापन केलेल्या ‘ओव्हर्चर’च्या नकाशातही ती पोहोचते. म्हणजे गुंजेवाहीत बसून केलेली एक नोंद कुठकुठे जाईल याचा हिशेब नाही.

फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अँड्रॉइड ॲप घ्या. ते तुम्ही उभे आहात तिथलेच प्रश्न विचारतं: हा रस्ता कशाचा आहे, या थांब्याला छप्पर आहे का, या दुकानाचं नाव काय. उत्तर दिलं की नोंद झाली. नवीन दुकान, दवाखाना, अंगणवाडी टाकायची असेल तर ‘एव्हरी डोअर’ सोयीचं. रस्ते रेखायचं काम मात्र घरी, संगणकावर करा. फोनवर बोटाने रस्ता काढायचा हट्ट धरू नका, तो नाल्यातून जातो.

बऱ्याच जणांना वाटतं की रेंज नसली तर फोनला जागा कळत नाही. तसं नाही. जागा उपग्रहावरून कळते, त्याला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. घरून निघताना ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारख्या ॲपमध्ये नकाशा उतरवून घ्या आणि डेटा बंद करून फिरा. दाट झाडीत मात्र ठिपका हलतो. मोहाच्या सावलीत उभं राहून घेतलेली जागा बरीच चुकू शकते, म्हणून नोंद घेताना मोकळ्यावर या आणि ठिपका स्थिर होईपर्यंत थांबा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. गूगलचा नकाशा समोर ठेवून त्यावरून नावं किंवा रस्ते उतरवू नका. तो स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे आणि अशा नोंदी काढून टाकल्या जातात. सरकारी माहिती घेतानाही परवान्याच्या अटी आधी वाचा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची नकाशामाहिती फेब्रुवारी 2022 मध्ये खुली झाली आहे. ती ताडून पाहायला उत्तम, पण न वाचता उचलून टाकायला नाही. आणि उपग्रहचित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. धानपट्ट्यात बांधीचे धुरे वरून पायवाटांसारखेच दिसतात. पुण्यात बसलेला एखादा उत्साही तरुण त्यांना वाट समजून रेघा ओढतो आणि आपल्याकडचा नवखा ड्रायव्हर त्या रेघेवर भरवसा ठेवतो. असोलामेंढा तलावाकडे जाणाऱ्या गोसेखुर्द धरणाच्या उजव्या कालव्यालगतचा सेवारस्ताही चित्रात मोठ्या डौलात दिसतो. तो कुठे मोकळा आहे, कुठे फाटक आहे, हे तिथे गेलेल्यालाच ठाऊक.

रस्ता म्हणजे नुसती रेघ नव्हे

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक रेघेला खुणा जोडतात आणि त्या खुणांची नावं जगभर एकच असतात. साच्याची सगळी गंमत इथे आहे. जपानमधला ‘ट्रॅक’ आणि आपली पांदण संगणकाला सारखीच कळली पाहिजे. म्हणून मनाने नवीन खूण तयार करू नका, आधी असलेली शोधा. पांदणीला ‘ट्रॅक’, टोल्याला ‘हॅम्लेट’, पाण्यातून जाणाऱ्या वाटेला ‘फोर्ड’ आणि आपल्या रपट्याला ‘लो वॉटर क्रॉसिंग’. पूर येतो अशा तुकड्याला ‘फ्लड प्रोन’ ही वेगळी खूण आहे. पृष्ठभागाला ‘सरफेस’: डांबर, सिमेंट, दाबलेला मुरूम, माती. एका रस्त्यावर तीनदा पृष्ठभाग बदलत असेल तर रेघेचे तीन तुकडे करा. कंटाळवाणं आहे, पण ॲप रस्ता सुचवताना हेच बघतं.

रपट्यावर मी सर्वांत जास्त भर देईन. तालुक्यातले सगळे रपटे नोंदवले आणि बाकी काहीच केलं नाही, तरी ते काम पुरेसं मोठं आहे. प्रत्येक रपट्यापाशी थांबा, जागा घ्या, फोटो काढा आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की पाणी वरून जातं का, आणि गेलं तर दुसरी वाट कोणती. ही दुसरी वाटही नकाशात असली पाहिजे. नाहीतर फोन पूर आलेल्या रस्त्यालाच चिकटून बसतो, त्याच्याकडे पर्याय नसतो.

आता कशाची नोंद नकाशात आणि कशाची नाही, यात लोक गोंधळतात. रपटा तिथे आहे, ही बरीच वर्षं टिकणारी गोष्ट, ती नकाशात. मातीचा रस्ता जून ते ऑक्टोबर वाहनांना बंद असतो, ही दरवर्षी घडणारी गोष्ट. तीही नकाशात, पण सशर्त खुणेने. तशी सोय आहे, महिने घालता येतात. आज सकाळी रपट्यावर कमरेएवढं पाणी आहे, ही मात्र आजची गोष्ट. ती नकाशात टाकायची नाही, कारण उद्या काढायला कोणी येत नाही. ती गावाच्या व्हॉट्सॲप गटात, तलाठ्याकडे, पोलीस पाटलाकडे. गडचिरोलीकडे पाहा: पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात बातमीत असतं. हे ज्ञान कायमचं आहे; कोणत्या दिवशी तुटला ही बातमी. दोन्ही एका पेटीत कोंबली की पेटीवरचाच विश्वास उडतो.

शिळी माहिती चुकीच्या माहितीइतकीच वाईट. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. तिच्यावर वेळापत्रकं, थांबे, जोडगाड्या असं केवढं तरी ज्ञान लटकलेलं होतं. म्हणून प्रत्येक नोंदीला ‘तपासल्याची तारीख’ लावता येते, ती लावा. पुढच्या माणसाला निदान कळेल की ही माहिती किती जुनी.

एसटीचं जुनं शहाणपण

एसटीकडे हा साचा फार पूर्वीपासून आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हटलं नाही. भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्याने ठरतं. त्या टप्प्यांची क्रमवार यादी वाहकाच्या तिकीट यंत्रात असते. म्हणजे मार्ग, थांब्यांचा क्रम आणि अंतर तिन्ही तयार आहे. वाहकाकडून ती नावं जशीच्या तशी ऐकून घ्या. ‘फाटा’, ‘मोड’, ‘शाळेजवळ’ ही नावं नकाशावाल्याला गावठी वाटतील, पण प्रवासी तिकीट त्याच नावाने मागतो. थांब्याची जागा घेताना रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी उभी राहते तेही टिपा. मुलांना शाळेत पाठवणाऱ्या आईला त्याचा अर्थ विचारा.

वहीत मार्ग, थांबा, सुटण्याची वेळ, कोणत्या वारी आणि तपासल्याची तारीख असे पाच रकाने आखले की जीटीएफएसचा बराचसा भाग झालाच. मेख ‘कोणत्या वारी’मध्ये आहे. मानव विकासची निळी बस शाळेच्या मुलींसाठी. शाळेला सुटी की ती नाही. बाजाराच्या दिवशी जादा फेरी. मुक्कामी गाडी रात्री गावात येऊन झोपते, पहाटे निघते. संगणकाला ती दोन वेगळ्या दिवशीच्या दोन फेऱ्या वाटतात. मध्यरात्रीनंतर संपणाऱ्या फेरीसाठी जीटीएफएसमध्ये एक मजेदार नियम आहे: रात्री एक वाजता पोहोचणारी गाडी 25:00 वाजता पोहोचते असं लिहायचं. झाडीपट्टीच्या लोकांना हे लगेच पटेल. दिवाळीनंतर वडसा-नवरगावकडे रात्रभर नाटक बघणाऱ्याचा दिवस 24 तासांत संपतच नाही.

पण वहीतलं वेळापत्रक ‘अधिकृत’ म्हणून कुठे टाकू नका. आगारात जा, दाखवा, दुरुस्त करून घ्या. काळीपिवळीचं वेळापत्रक नसतं, गाडी भरली की सुटते. तिथे वेळ लिहू नका, फक्त कुठून सुटते ते लिहा.

जंगलाबद्दल

ब्रह्मपुरी वनविभाग आणि ताडोब्याचा बफर इथे गावांना भिडलेले आहेत. मे 2025 मध्ये मेंढा-मालच्या तीन महिला तेंदूपत्ता तोडायला गेल्या असताना वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा भागात नकाशा करणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते.

वाघ दिसलेली जागा, पाणवठ्यावरचे ठसे, गुहा, घरटी हे खुल्या नकाशात टाकू नका. ते गावकऱ्यापेक्षा कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या हौशी पर्यटकाला आणि शिकाऱ्याला जास्त उपयोगी पडतं. ती माहिती वनरक्षकाला फोनवर द्या. तेंदू-मोहाच्या झाडांकडे जाणाऱ्या आतल्या वाटाही सगळ्या मांडायची गरज नाही. ती गावाची ठेव आहे, ग्रामसभेला विचारल्याशिवाय ती जगापुढे ठेवू नये. टाकायचा आहे तो एक बिंदू: चारचाकी पोहोचते ती शेवटची जागा. आत माणूस जखमी झाला तर लोक त्याला उचलून तिथपर्यंतच आणतात आणि 108ची गाडी तिथपर्यंतच येऊ शकते.

त्या जागेचा ‘डिजिपिन’ काढून ठेवा. टपाल खात्याने मे 2025 मध्ये सुरू केलेला हा दहा अक्षरांचा पत्ता साधारण 4 मीटर बाय 4 मीटरच्या चौकोनाला मिळतो. तो अक्षांश-रेखांशावरून निघतो, त्यामुळे जिथे ना रस्त्याला नाव ना घराला नंबर, तिथेही चालतो. अंगणवाडीच्या, ग्रामपंचायतीच्या आणि त्या शेवटच्या बिंदूजवळच्या भिंतीवर तो रंगवून घ्या. घाबरलेल्या माणसाला फोनवर ‘वडाच्या पुढे उजवीकडे’ सांगण्यापेक्षा भिंत वाचणं सोपं.

कायद्याची भीती घालणारे भेटतील. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय नागरिकांना नकाशामाहिती गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगी लागत नाही. काही संवेदनशील बाबी मात्र वगळलेल्या आहेत. गडचिरोलीकडे पोलीस मदत केंद्रं आणि छावण्यांचे बारकावे टाकू नका, एवढं भान पुरे. कोणाच्या खासगी घराला नाव लावू नका.

एकट्याने सुरू करा, पण एकट्याने चालवू नका. एका गावात दोघांनी एकाच टोल्याला दोन नावं दिली तर नकाशाच्या इतिहासात कोणी काय बदललं ते दिसतं. रागावून पुसण्याआधी त्या माणसाला तिथेच निरोप लिहा. मराठी शाळेच्या नववीच्या भूगोलाच्या मास्तरांनी हे काम वर्गाला दिलं तर एका मोसमात एक ग्रामपंचायत पुरी होईल. मे महिन्यात रपटे, दिवाळीच्या सुटीत टोले आणि पांदणी, असं वाटून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर केलेला बदल थोड्याच वेळात दिसतो, ऑरगॅनिक मॅप्समध्ये मात्र नकाशाची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं. ती आली की दुचाकी काढा, फोन सांगेल त्या वाटेने जाऊन बघा आणि चुकलं असेल तिथे थांबून दुरुस्त करा.